'सातवा मजला'ची दुसरी बाजू

"नृत्यसंगीताच्या इतिहासाचे दोनच कालखंड पडतात," मिस्त्रींच्या सोफ्याच्या कडेला बसत रेकॉर्डच्या दुकानवाल्याने जाहीर केलं, "तुमच्या कॅसेटच्या आधीचा आणि नंतरचा."

नंतरच्या कालखंडात त्या कॅसेटच्या एकंदर अकरा प्रती खपल्या होत्या. पैकी चार मिस्त्रींच्या मेहुण्याने घेतल्या, त्याही गाणी पुसून मुलांचे पाढे भरायला.

मिस्त्री म्हणजे लिफ्टमिस्त्री. जन्मभर लोकांना वर पोचवलं आणि स्वतः जिन्याने चढले, कारण ते यायचे तेव्हा लिफ्ट बंदच असायची. पस्तीस वर्षांपूर्वी, ओळखीपाळखीत कुणी टेक्नो या यंत्रांवरच्या नृत्यसंगीताचं नावही ऐकलेलं नसताना, त्यांनी बेडरूमच्या दाराला रजया ठोकल्या आणि उसन्या कीबोर्डवर 'सातवा मजला' हा अल्बम केला. ज्यांनी ऐकला त्यांनी विचारलं, "मग लिफ्ट दुरुस्त झाली का?"

दुकानवाल्याला ती कॅसेट रद्दीच्या खोक्यात सापडली होती. आता तिची तबकडी निघणार होती. "आणि कव्हरवर तुमचं नाव, एवढं," असं म्हणून त्याने वीतभर बोटं ताणली. त्या वितीकडे मिस्त्री बघतच राहिले. आख्ख्या नोकरीत त्यांचं नाव फक्त हजेरीपटावर लागलं होतं, तेही चुकीचं.

"पहिली बाजू कशी वाटली?" त्यांनी अगदी सहज विचारलं. त्या पाच गाण्यांत त्यांची दोन वर्षं गेली होती.

"पहिली बाजू ठीक. दुसरी मात्र कहर आहे हो."

दुसऱ्या बाजूला काहीतरी होतं, एवढंच मिस्त्रींना आठवत होतं. पण स्तुती दारात आली की तिला पत्ता चुकला का असं कुणी विचारत नाही. त्यांनी नम्रपणे मान खाली घातली.

दुकानवाल्याने सोबतचा टेप लावला. खर्र-खट, खर्र-खट. मागे घुमणारा आवाज, खाली मंद घरघर.

"सातव्या मिनिटाला बघा, ताल आवळत जातो. माणसाचा श्वास कोंडतो. कसं सुचलं?"

"सुचत जातं," मिस्त्री म्हणाले.

"आणि अकराव्या मिनिटाला ती शांतता. हे धाडस आजही कुणी करत नाही."

"धाडस करावंच लागतं."

एवढ्यात मिस्त्रींची बायको चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरूनच थबकली.

"अगंबाई, हा तर भावजींचा निळा स्वेटर."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझं विणायचं मशीन आहे हे. खर्र करत जातं, खट करून वळतं. आवळतंय ते बगल आली म्हणून. तिथे टाके कमी करायचे असतात, ओळ आखूड होते, हात लवकर परत येतो."

"आणि शांतता, काकू?" दुकानवाल्याचा आवाज बारीक झाला होता.

"लोकर तुटली. हे रेकॉर्डिंगला म्हणून बसले आणि भर दुपारी आडवे झाले. मला वाटलं, आटोपलं असेल. मग मी मशीन घेऊन आत खिडकीशी बसले, उजेड बरा होता."

"म्हणजे खालची ती घरघर, तो गंभीर बास..."

तिने नुसतं नवऱ्याकडे पाहिलं.

मिस्त्रींना आता सगळं आठवलं. कॅसेटची दुसरी बाजू न ऐकताच त्यांनी ती प्रती काढायला दिली होती. ओठावर एक वाक्य तयार होतं: ही कल्पना मुळात माझीच. बायकोने ते खोडलंही नसतं. अशी पुष्कळ वाक्यं तिने आजवर चालवून घेतली होती. त्यांनी चहाचा घोट घेतला, तो फारच गरम निघाला.

"नाव हिचं घाला," ते म्हणाले. आणि चहा बशीत ओतत, "बासला माझं. बारीक अक्षरात चालेल."

दुकानवाला खचेल असं वाटलं होतं, पण उलट तो उठूनच उभा राहिला. "काकू, हे तर आणखीच थोर झालं. पुढच्या महिन्यात कार्यक्रम ठेवतो. पाचशे माणसं नाचतील. तुम्ही मशीन घेऊन स्टेजवर याल?"

तिने त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"त्याचं बघू मागाहून," ती म्हणाली. "तुम्ही चांगले उंच आहात. माळ्यावरच्या तेवढ्या दोन गाद्या खाली काढून द्या, उन्हात टाकायच्या आहेत."