बदलायची खिडकी

माझा धाकटा हल्ली फार गोड वागतो, हीच माझी तक्रार आहे. हसू नका. ज्या पोरानं जन्मात कधी प्यायलेला पेला उचलून ठेवला नाही, तो आता जेवण झालं की ताट धुतो. ऑफिसातून येताना सफरचंदं आणतो. चष्म्याची काडी मोडली तर मी दोरा गुंडाळून चालवून घेत होते, हा दुसऱ्या दिवशी नवा चष्मा घेऊन हजर. "आई, दुकानात फार बसू नकोस." "आई, पाय दुखतात का?" अरे, माझे पाय तू शाळेत होतास तेव्हापासून दुखतायत, तुला आज कळलं? आणि हे सगळं बोलताना बघायचं कुठं, तर माझ्या खांद्यावरून भिंतीकडे.

मी म्हटलं, भाऊ गेला म्हणून मऊ झाला असेल. थोरल्याला जाऊन अजून वर्षही झालं नाही. दुःख कुणाच्या कुठून बाहेर पडेल सांगता येत नाही. थोरल्याची बायको, माझी सून, आवरलेलं घर पुन्हा आवरते, मी दुकानातल्या बायकांवर ओरडते, हा सफरचंदं आणतो. पण माझं शिवणाचं दुकान आहे, शाळांचे गणवेश शिवतो आम्ही, आणि या धंद्यात मी एक शिकले आहे. गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की समजावं, कापड कमी आणलंय.

थोरला, धाकटा आणि सून, तिघंही एकाच ऑफिसात, आणि वर एक साहेब. टायरच्या दुकानावरचा मजला, खालून रबराचा वास, वर गारठवणारा एसी. दवाखान्यांना लागणारं कॉम्प्युटरचं काम ते करतात. पेशंटचं नाव, वय, दुखणं, कुठलं औषध त्याला चालत नाही, हे सगळं डॉक्टरला एका जागी दिसावं म्हणून.

थोरल्याला पोटाचं दुखणं लागलं आणि उठवेना, तेव्हा सुनेनं रजा घेतली. तो मात्र मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप ठेवून काम करायचा. मी पायथ्याशी त्याचे पाय चेपत बसायची. एकदा विचारलं, "दिवसभर कसली खुडखुड करतोस रे?"

"आई, समज, पेशंट म्हणजे एक बंद पेटी," तो म्हणाला. "आत त्याच्या सगळ्या गोष्टी. बाहेरच्यानं आत थेट हात घालायचा नाही. म्हणून गोष्टींना खिडक्या पाडायच्या. एक नुसती बघायची, एक बदलायची. आम्ही त्यांना गेटर आणि सेटर म्हणतो."

"म्हणजे बँकेतल्या कॅशियरची जाळी."

"बरोब्बर. पण एका पेटीत ढीगभर गोष्टी. प्रत्येकीसाठी त्याच त्याच ओळी हातानं लिहायच्या म्हणजे नुसती हमाली. म्हणून मी एक अवजार केलंय, ते खिडक्या आपणहून पाडतं."

"मग तू कशाला खुडखुडतोस?"

तो हसला. हसला की पोट धरायचा, म्हणून मी त्याला हसवायचंही बंद केलं होतं. "माझं अवजार हट्टी आहे, आई, तुझ्यासारखं. प्रत्येक गोष्टीपाशी थांबून विचारतं, हिला बघायची खिडकी देऊ का? बदलायची देऊ का? माणसानं हो म्हटल्याशिवाय देत नाही. आता जन्मतारखेला बदलायची खिडकी कशाला हवी?"

"तुझ्या मावशीला हवी असते," मी म्हटलं, आणि त्यानं पुन्हा पोट धरलं.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की धाकटा यायचा. एक दिवस आला तो तावातच. चपलाही काढल्या नाहीत.

"दादा, त्या अवजारात एक 'सगळं' असं बटण टाक. एकेक गोष्टीला हो-नाही करत बसलो तर म्हातारा होईन मी. बाहेरची अवजारं एका झटक्यात सगळ्यांना दोन्ही खिडक्या देतात."

"बाहेरच्यांचं बाहेर. औषध चालत नाही ही नोंद डॉक्टरच बदलणार, तीही कारण देऊन. तिला बदलायची खिडकी उघडी ठेवलीस तर उद्या कुणीही हात घालेल."

"कोण घालणार? आपणच तर चारजण आहोत."

"घालेल कुणीतरी. वाईट मनानं नाही, घाईत."

"तू ना, अगदी आईवर गेलायस. बटण लावायचं तरी काजाला विचारशील."

"नको म्हटलं ना."

धाकटा दार आपटून गेला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. भाऊ आहेत, भांडणारच, असं म्हणून मी दुसरा पाय चेपायला घेतला. पुढे थोरल्याची शुद्ध हरपली, आणि मग तो गेला. त्याबद्दल मला इथं काही सांगायचं नाही.

मागच्या आठवड्यात दुकानात एक मुलगी आली. मी सवयीनं टेप हातात घेतली.

"माप कुणाचं?"

"माप नाही द्यायचं," ती म्हणाली. "तुमचाच मुलगा ना तो, दवाखान्याचं कॉम्प्युटरचं काम करणारा? जो वारला?"

मी हो म्हटलं. मला वाटलं त्याच्या ओळखीतली असेल, दोन शब्द बोलायला आली असेल. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"माझ्या आईच्या पायात खिळा गेला म्हणून तिला दवाखान्यात नेलं. तिला एक इंजेक्शन चालायचं नाही. कॉम्प्युटरमध्ये तसं लिहिलेलं होतं, मी समोर उभी राहून लिहून घेतलं होतं. त्या दिवशी तिथं कोरं होतं. त्यांनी इंजेक्शन दिलं." तिनं आपल्या चपलांकडे बघितलं. "घरी जाताना तिच्यासाठी चप्पल घ्यायची होती, मऊ."

दुकानातल्या मशिनी एकेक करून थांबल्या.

"ऑफिसवाले म्हणाले, ज्याच्या हातून हे झालं तो माणूसच आता नाही. मी रोज सकाळी उठून त्याला शिव्या देत होते हो. मग कळलं तो मेलाय. आता शिव्या तरी कुणाला द्यायच्या? म्हणून आले बघायला."

भिंतीवर थोरल्याचा फोटो आहे, शर्टाची कॉलर मीच शिवलेली. "हेच का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं डोळे भरून बघून घेतलं, परीक्षेला पाठ करावं तसं. "चांगले दिसतात," म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

माझ्या जिभेला गावभर घाबरतात. त्या दिवशी बायकांवर मी ओरडलेसुद्धा नाही, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

घरी आले तेव्हा सून चादरींच्या घड्या घालत होती. मी सरळ विचारलं, "लिहिलेली नोंद पुसली कशी?"

तिनं कोण, कुठली असं काही विचारलं नाही. त्यावरूनच मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे. "ऑफिसातल्या एका नव्या मुलीनं बिलाचं काम केलं, आई. बिल जपून ठेवताना पेटीतली सगळी माहिती पुन्हा भरली जायची. बिलावर औषधाची जागा कोरीच असते. बदलायची खिडकी उघडी होती. कोरं आत गेलं, लिहिलेलं गेलं."

"खिडकी कुणी उघडली?"

तिनं घातलेली घडी मोडली आणि तीच चादर पुन्हा घडी करायला घेतली. "अवजार ह्यांचं होतं. ऑफिसात सगळ्यांना एवढंच माहीत आहे."

"आणि ते 'सगळं'चं बटण?"

तिचे हात थांबले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी पाय चेपत होते. बहिरी झाले नव्हते."

मग ती खाटेच्या कडेला बसली. "भाऊजींनी टाकलं. हे शुद्धीत नव्हते तेव्हा. ती बाई गेल्यावर माझ्याकडे येऊन खूप रडले. म्हणाले, वहिनी, दादाचं आता काहीच जाणार नाही, माझं सगळं जाईल."

"आणि तू गप्प बसलीस."

"हे असते तर काय म्हणाले असते, आई? राहू दे, पोरगं आहे, असंच म्हणाले असते ना?"

खोटं नव्हतं ते. धाकट्यानं काच फोडावी आणि थोरल्यानं पुढे होऊन मार खावा, हे या घरात नेहमीचंच. मी रागानं हात उगारायची आणि समोर कोण उभा आहे ते बघायचीही नाही. पण तेव्हा तो आपल्या पायानं पुढे व्हायचा. आता त्याला पायच नव्हते, आणि भावानं त्याला पुढे ढकललं होतं. मी सुनेच्या हातातली चादर घेतली आणि आम्ही दोघी ती दोन टोकांना धरून बसलो. घडी कुणीच घातली नाही.

सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असतं. धाकटा माझ्या मशिनीचा पट्टा बदलायला आला होता, न सांगता, गोडीनं. मी शेजारच्या स्टुलावर बसले.

"ती मुलगी आली होती," मी म्हटलं. "जिची आई गेली ती."

त्यानं वर बघितलं नाही. स्क्रू मात्र हातातून सुटून मशिनीखाली गेला.

"'सगळं'चं बटण तू टाकलंस."

"वहिनी बोलली?"

"दादानं नको म्हटलं तेव्हा मी तिथंच होते."

तो खाली बसून स्क्रू शोधत राहिला, शोधता शोधता बोलत राहिला. "सगळेच तसं करतात, आई. जगभर करतात. दवाखान्याचे रोज फोन यायचे, दादा तसा, वहिनी रजेवर, मी एकटा. मुद्दाम केलं का मी?"

"नाही."

"साहेबांनी विचारलं, कुणाचं काम. कुणी बोलेना. मग तेच म्हणाले, अवजार तर दादाचं. मी एवढंच केलं, नाही म्हटलं नाही."

"एवढंच."

आता त्यानं माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी नीट माझ्या डोळ्यांत. "मेलेल्या माणसाला काय लागतं गं? त्याला कोण विचारणार आहे? मला विचारतील. नोकरी जाईल, कोर्टकचेरी होईल, कदाचित आत टाकतील. मग तुझ्याकडे कोण बघणार? वहिनीकडे कोण?"

मी त्याच्याकडे बघत बसले. हाताला तेल लागलेलं, बोटं थोरल्यासारखीच, लांब. एक तर गेलाच होता. दुसऱ्यालाही हातानं बाहेर काढलं तर उरलेलं आयुष्य दोन बायका आणि न वाजणारी दाराची घंटा. गप्प बसणं किती सोपं होतं. सून गप्प होती, साहेब गप्प होते, फोटो तर गप्पच. मी एक गप्प बसले असते तर हे घर चाललं असतं, आणि तो असाच माझे पाय विचारत राहिला असता. पण ती मुलगी सकाळी उठत असेल, आणि जो चेहरा तिनं माझ्या भिंतीवरून पाठ करून नेला त्याला शिव्या देत असेल.

त्याला स्क्रू सापडला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"ऊठ," मी म्हटलं. "तुझी चूक मी पोटात घातली असती. घाईत माझीही कात्री वाकडी गेलीय, फक्त कापडाचा जीव जात नाही. पण तू कापलंस आणि शिवलंस भावाच्या अंगावर, आणि त्याला तर आता ते काढूनही टाकता येत नाही. याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात, आणि ते मी माझ्या घरात कुणाला खाऊ देणार नाही, तू माझा शेवटचा असलास तरी. आधी त्या मुलीच्या घरी जा. तिच्यासमोर उभं राहून सांग, दादानं नको म्हटलं होतं, मी केलं. ती मारेल तर मार खा, आज तुझ्या पुढे व्हायला कुणी नाही. मग साहेबांकडे जा. नोकरी गेली तर मी अजून मशीन चालवते. आत टाकलं तर डबा घेऊन येईन, वाटभर तुला शिव्या देत येईन, पण येईन."