भावाकडे पावती कशी मागायची?

आखाडा बाळापूरच्या ग्रामपंचायतीत शीतल संगणक चालवते. मार्च महिना आला की तिथे एकच काम: घरपट्टी थकवणाऱ्यांच्या नोटिसा काढायच्या. नोटीस हातात पडली की माणसाचं तोंड कसं होतं ते आपण सगळे जाणतो, कारण कधी ना कधी ते आपलंही झालेलं असतं! त्या दिवशी यंत्रातून शीतलचंच नाव बाहेर आलं. दोन वर्षांची थकबाकी.

तिला हसू आलं. काहीतरी चूक असणार. घर बांधायला तिने फायनान्स कंपनीचं कर्ज घेतलं होतं आणि हप्त्याबरोबर कंपनी दरमहा साडेसातशे रुपये वेगळे कापून घेत होती, घरपट्टी आणि घराचा विमा परस्पर भरण्यासाठी. हे कर्ज करून देणारा कुणी परका नव्हता. धम्मदीप, तिचा पाठचा सख्खा भाऊ, त्याच कंपनीत कामाला होता.

पुढच्या चार नोटिसा निघाल्या आणि तिचं हसू मावळलं. चारही नावं तिच्याच गल्लीतल्या बायकांची होती. चौघींनी शीतलच्या शब्दावर तेच कर्ज घेतलं होतं. त्यातल्या पंचफुलाबाईंची मागची भिंत सप्टेंबरच्या पुरात पडली होती, आणि "विमा हाय ना मावशी, काळजी करू नका," असं शीतलनेच त्यांना सांगितलं होतं.

तिने भावाला बोलावून घेतलं. तो आला, बसला आणि मोबाईलशी चाळा करू लागला.

"अक्का, तुझी घरपट्टी मी आजच भरून टाकतो. बाकीच्यांचं नाव काढू नको."

"म्हंजे कंपनीनं भरलीच न्हाई? तुला ठाऊक होतं?"

"दीड वर्षापासून. बोललो असतो तर नोकरी गेली असती."

"आन् मावशीचा विमा?"

"तोबी भरलेला न्हाई."

शीतलला राग यायला हवा होता, पण आधी लाज वाटली. या पोराला तिने कडेवर घेऊन शाळेत सोडलं होतं. दर महिन्याला तो तिच्या घरी जेवायचा, तिच्याच हातची भाकरी खाऊन हसत निघून जायचा, आणि हे सगळं पोटात ठेवायचा!

त्याने दुपारीच तिची घरपट्टी भरली. शीतलनेही काय केलं? बाकीच्या चार नोटिसा खणात सरकवल्या.

दोन दिवसांनी पंचफुलाबाई स्वतःच कचेरीत आल्या. "पोरी, विम्याचं काय झालं गं? ताडपत्री लावून किती दिवस काढावं?"

खोटं बोलायला शीतलने तोंड उघडलं आणि तिला रडूच कोसळलं. तिने सगळं सांगून टाकलं. पंचफुलाबाईंनी समोरची खुर्ची ओढून घेतली.

"तू त्याला कधी पावती मागितली व्हतीस?"

"भावाकडं पावती कशी मागायची, मावशी?"

"काहून न्हाई? आमच्या बचत गटाची मी खजिनदार हाय. माझी सून शंभर रुपये आणून देते, तर तिलाबी पावती फाडून देते. ती कधी रुसली न्हाई. पावती मागितली म्हंजे भरोसा न्हाई, असं तुमाला शिकवलं कोणी? आन् काय गं, असे पैसे घिऊन बसायला काही कायदा हाय का न्हाई?"

"हाय. दोन दिवस तेच वाचून राहिले. विम्यासारखा दुसरीकडं भरायचा पैसा कंपनीनं आपल्याकडून घेतला, तर दर वेळी त्याची पावती द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा नियम हाय. आधी कंपनीकडं लेखी तक्रार करायची. महिनाभरात दाद न्हाई दिली, तर वर, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं."

"मंग गप काहून बसलीस?"

"धम्मदीपची नोकरी जाईल."

"जाईल. पण त्यानं तुला फसवलं, आन् तू नोटिसा दाबून आमाला. फरक काय राहिला, पोरी?"

फरक काहीच नव्हता! शीतलने खण उघडला, चारही नोटिसा काढून त्यांच्या हातात दिल्या आणि त्याच टेबलावर तक्रारअर्ज लिहायला घेतला. पाच बायकांच्या सह्यांत पहिली सही तिची होती. आपली घरपट्टी भावाने गुपचूप भरली, हेही तिने अर्जात लिहिलं.

कंपनीने महिन्याच्या आत चौघींची घरपट्टी दंडासकट भरली. भिंतीचे पैसे द्यायला मात्र खळखळ केली. मग तक्रार वर गेली, आणि चार महिन्यांनी पंचफुलाबाईंना भरपाई मिळाली. धम्मदीपची नोकरी गेली.

तो एकदाच आला, दारातूनच बोलला. "सख्ख्या भावाचं नाव लिहिलंस, अक्का! मला एकदा पावती मागितली असतीस, तर मी तेव्हाच खरं बोललो असतो."

शीतलने त्याला आत बोलावलं. तो थांबला नाही. त्यानंतर आलेलाही नाही.

वाचकहो, तो खरं बोलला असता की नाही, कोण जाणे! पण आपल्या माणसाकडे पावती मागायला आपण लाजतो, आणि त्या लाजेच्या आड कंपन्या बिनघोर राहतात. नियम आपल्यासाठीच केलेले आहेत, पण आपण विचारल्याशिवाय ते जागे होत नाहीत. तेव्हा पावती मागा, आणि सख्ख्या माणसाकडे सगळ्यात आधी मागा. शीतलने पहिल्याच महिन्यात ती मागितली असती, तर कदाचित आजही तिचा भाऊ तिच्या घरी जेवायला येत असता.