कोऱ्या पाण्याचे आठ दिवस

हुसेनचाचांच्या आधी त्यांचा गंध यायचा. सौदीतल्या हाइलच्या हिवाळ्यात सकाळचे ऊन हरितगृहाच्या धुरकट प्लास्टिकमधून गाळून येते, पिवळसर आणि जरा उशिरानेच. त्या उन्हात पुदिन्याच्या लांबच लांब ओळींमधून ते कुठे चालत असतील ते दिसण्यापूर्वी कळायचे. चालता चालता एखादे पान दोन बोटांत चुरडून नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि पानाशी काही बोलणे झाल्यासारखी मान हलवायची, ही त्यांची बावीस वर्षांची सवय. इतकी वर्षे चुरडलेली पाने बोटांच्या रेषांत मुरली होती. शुक्रवारी नमाजाला जाताना ते अत्तर लावायचे, तरी पुदिना वरचढच ठरायचा.

मी सांगलीकडचा, शेतकी पदवीधर. या वाळवंटात भाजीपाल्याच्या बागेवर नोकरीला आलो तेव्हा पदवीचा कागद आणि पाण्यातले क्षार मोजायचे यंत्र, एवढ्या भांडवलावर माझी ऐट होती. चाचा दापोलीकडच्या खाडीकाठचे, शाळा चौथीपर्यंतची. पहिल्याच दिवशी माझे यंत्र हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिले, टाकीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि आकडा सांगितला. यंत्राने जवळपास तोच दाखवला. तेव्हापासून मी त्यांचा ‘मास्तर’ झालो. त्या हाकेत चेष्टा किती आणि माया किती, याचा हिशेब मला शेवटपर्यंत लागला नाही.

आमच्यात वाद होता तो एकाच गोष्टीवरून. कापणीला आठ दिवस उरले की चाचा खताचे पाणी बंद करायचे आणि झाडांना नुसते कोरे पाणी द्यायचे. त्यांच्या मते खताचा खारटपणा पानात उतरतो आणि चहात जिभेला टोचतो. शेवटी साधे पाणी दिले की पान आतून धुऊन निघते. कोऱ्या पाण्यावर वाढ जवळजवळ थांबायची आणि कापणी तितकेच दिवस पुढे जायची. मी म्हणायचो, झाड म्हणजे काही पातेले नव्हे आतून धुवायला, आणि निघालेल्या माणसाला शेवटच्या आठवड्यात उपाशी ठेवायचे ही कुठली रीत?

“उपाशी नाय रे मास्तर,” ते म्हणायचे, “जाणाराने तोंड धुवून जावा. बस्स.”

ही श्रद्धा कुठून आली, ते त्यांच्या बोलण्यातून मला हळूहळू उमगले. त्यांच्या वडिलांची जमीन खाडीलगतची, खारी. आषाढातला पाऊस तिच्यावर दिवसचे दिवस उभा राहायचा, मीठ धुऊन न्यायचा आणि मगच त्या मातीत भात रुजायचा. गोडे पाणी सगळे साफ करते, हे त्यांनी वयाच्या सहाव्या वर्षी गुडघाभर चिखलात उभे राहून शिकून ठेवले होते. फक्त तिकडे धुतली जायची ती माती, आणि तीही पेरणीच्या आधी. इथे चाचा धुवत होते झाड, तेही कापणीच्या तोंडावर. हा फरक मी त्यांना शंभरदा समजावला असेल. ते शंभरदा हसले.

पण त्या आठ दिवसांतले चाचा पाहावेत असेच होते. खते कालवायचे काम नसल्याने हात मोकळे असायचे. ते ओळींमध्ये उलटी बादली टाकून बसायचे, ठिबकाच्या नळीतून पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकत. घरी फोन लावून जैबुनचाचींना एकेक ओळ दाखवायचे. चाची तिकडून म्हणायच्या, “झाडां काय दाखवताव, तुमचा तोंड दाखवा!” तेव्हा हा सत्तरीला टेकलेला माणूस लाजून फोन माझ्या हातात द्यायचा. एरवी कधीही न सांगितलेल्या गोष्टी ते याच दिवसांत सांगत. मला वाटते, माझे निम्मे मराठी या परमुलखात त्या बादलीशेजारीच जिवंत राहिले.

मग चाचांचे परतायचे ठरले. गुडघे बोलू लागले होते. आमचा कफील, म्हणजे बागेचा अरब मालक, भला माणूस. म्हणाला, ही कापणी उरकली की फायनल एक्झिट, कायमचे घरी, तिकीट माझ्याकडून. मात्र जाण्यापूर्वी कोऱ्या पाण्याचा निकाल लावा, पुढे बाग मास्तरने कशी चालवायची ते मला कागदावर हवे. चाचांची बावीस वर्षांची रीत त्यांच्यामागे टिकणार की नाही, हे आता माझ्या लेखणीवर आले. ते मला बोचत होते आणि, खोटे कशाला बोलू, थोडे सुखावतही होते.

आधी कापायला येणाऱ्या दोन ओळी निवडल्या. एकीला खत अखेरपर्यंत, दुसरीला आठ दिवस कोरे पाणी. एका दुपारी अस्रच्या नमाजानंतर दोन्हींचा चहा केला. कोऱ्या पाण्याच्या पेल्यांना बुडाशी खडूची खूण. हे सगळ्यांना ठाऊक होते, पण पेला रिता होईपर्यंत उलटायचा नाही असे ठरले होते. कफील प्यायला, कामगार प्याले. कोणालाच धड फरक सांगता येईना. चाचांनी मात्र दोन्ही पेले सावकाश संपवले, डोळे मिटले आणि डावीकडचा पुढे सरकवला. “ह्यो माजा. लोणी हाय लोणी.”

आणि त्यांनी तो स्वतःच उलटा केला. बूड स्वच्छ होते.

चाचा त्या बुडाकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांचा अंगठा काचेवरून फिरत होता, खडू पुसला गेला असेल तर सापडावा तसा. मला एकाएकी इतके वाईट वाटले की कागदावर ‘निकाल अस्पष्ट’ असे लिहून टाकायचे मी मनोमन ठरवले. त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचले असावे.

“खरा काय ता लिव, मास्तर,” ते म्हणाले. “बावीस वर्सां जीभ माजीच हुती. पान्याला कशाला दोष?”

मी खरे लिहिले. पण कफीलला गाठून विनवले, निदान ही शेवटची कापणी चाचांच्या पद्धतीने होऊ दे. तो तत्काळ हो म्हणाला. ही बातमी मी धावतच चाचांना सांगितली, तर ते खताच्या टाकीपाशी उभे होते, बाह्या सरसावून.

“नको,” ते म्हणाले. “पोटभर खाऊन जाव देत त्यांना. मलाच कळला नाय इतकी वर्सां.”

अखेरच्या दिवसापर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने खत कालवले. बादली कोपऱ्यात सरळ उभी राहिली, बसायला सवड नव्हती. माझ्या हिशेबाप्रमाणे पुदिना आठ दिवस आधी कापणीला आला, आणि तिकीट कापणीला बांधलेले असल्याने तेही तितकेच आधी निघाले. चाची फोनवर हरखून गेल्या. विमानतळावर चाचांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि वळून न पाहता आत गेले.

वेळ वाचवता येतो, असे मी त्या कागदावर सही करून लिहून दिले होते. पण ज्याच्यासोबत तो घालवायचा तो माणूसच आधी निघून गेला, तर वाचलेला वेळ ठेवायचा कुठे, हे मला कोणत्याच शाळेने शिकवले नाही. मी वाचवलेले ते आठ दिवस चाचांवाचूनचे पहिले आठ दिवस होते, आणि आयुष्यात तेवढे लांब दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत.