अर्धा कागद

माझ्या दुकानात खिळ्याखिळ्यावर ल्यों शहरातल्या बायका टांगलेल्या असतात. घाबरू नका, कागदाच्या. प्रत्येकीच्या कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटचा कागदी नमुना, त्यावर तिचं नाव, आणि तोही अर्ध्याच अंगाचा. कापडाला दुहेरी घडी घालायची, वर उजव्या बाजूचा कागद ठेवायचा आणि कात्री चालवायची. डावी बाजू आपोआप निघते. देवानं बाईला दोन सारख्या बाजू दिल्या आहेत, असं आमचा धंदा धरूनच चालतो.

एल्वीर त्रेव्हूचे मात्र दोन कागद होते. उजवा खिळ्यावर, डावा माझ्या खणात, कुलपाआड.

ती अकरा वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन आली. पोरीच्या उजव्या खांद्याचं पातं जरासं वर आलेलं, डावी बाजू जराशी आत दबलेली. तिरकी बसलेली टोपी जेवढी खटकते, तेवढंच. मादाम त्रेव्हू म्हणाल्या, "घट्ट बांधा. वाढत्या रोपाला काठी लावतातच ना?" मी म्हटलं, "होईल सरळ." मला काय कळत होतं? डोंबल! पण गिऱ्हाईक चांगलं होतं आणि आयांना हवं ते बोलायची माझ्या जिभेला सवय होती.

आठ वर्षं मी त्या पोरीला बांधत आले. दर सहा महिन्यांनी माप घ्यायचे आणि दर वेळी डावा कागद उजव्यापासून आणखी वेगळा निघायचा. पाठ सरळ होईना, तेव्हा मी डावीकडच्या पोकळीत कापसाची गादी भरायला लागले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काय चवळीची शेंग आहे! आतलं आम्हा तिघींनाच ठाऊक. पाठ मुळातच वाकडी होत चालली होती की माझ्या कॉर्सेटमधल्या कडक पट्ट्यांनी आणि नाड्यांनी ती जास्त वाकवली, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची, खरं सांगते.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा ओगुस्तँ पेरोल, रेशमाच्या व्यापाऱ्याचा धाकटा. मायलेकी लग्नाचं कॉर्सेट शिवायला टाकायला आल्या.

"कंबर बावन्न सेंटिमीटर," मादाम त्रेव्हूंनी फर्मावलं. "त्याच्या बहिणीची चोपन्न आहे. मी चर्चमध्ये डोळ्यांनी मोजली."

"आई, त्यांना अजून माहीत नाही," एल्वीर आरशातून म्हणाली.

"आणि कळायचंही नाही. लग्नानंतर कळलं तर कळू दे. तेव्हा काय परत पाठवणार आहे?"

"मी सांगते त्यांना."

"सांग की! सांग, आणि मग बस जन्मभर माझ्या उरावर."

आई लेस बघायला पुढच्या खोलीत गेली. एल्वीरनं माझं मनगट धरलं. "मादाम, मी चारदा ठरवलं. ते समोर बसतात, माझ्यासाठी प्रालिनचा ब्रिओश, तो गोड पाव, आणतात, आणि माझं तोंडच उघडत नाही. मला त्यांना फसवून त्या घरात नाही जायचं."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून मी म्हटलं, "गप्प राहा, पोरी. प्रत्येक मुलगी कसली ना कसली गादी भरूनच सासरी जाते."

ती हसली नाही. मी मात्र माझ्याच बोलण्यावर खूश होते.

लग्नाला आठ दिवस उरले असताना नवरदेव मॉस्यू पेरोल स्वतः दुकानात आला. आमच्या दुकानात पुरुष येत नाहीत. तोही बिचारा टोपी हातात धरून, टांगलेल्या कागदांकडे पाहू की नको, अशा अवस्थेत उभा.

"मादाम जोसराँ, विचारणं बरं दिसत नाही. पण एल्वीर फार ताठ बसते. वाकत नाही, हात उचलताना थांबते. मी विचारलं, तुला काही त्रास होतो का? तर रडायला लागली. म्हणाली, मादाम जोसराँना विचारा, त्यांना माझं सगळं माहीत आहे."

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगते. बायका संशयी नवऱ्यांना आमच्याकडे धाडतात ते खरं कळावं म्हणून नव्हे. कुणाचं वय झाकायचं असतं, कुणाचं सुटलेलं पोट, कुणाचा तिसरा महिना. आम्ही गोड हसतो, हातातली मापाची फीत नाचवतो आणि नवरा निवांत होऊन घरी जातो. तीस वर्षं मी हेच केलं. मला वाटलं, पोरीला शहाणपण सुचलं, तिनं माझ्यावर भार टाकला. मी तिची लाज राखायला सरसावले.

खिळ्यावरून उजवा कागद काढून त्याच्यापुढे धरला. "ही बघा तुमची एल्वीर. यात कुठे काही खोट दिसते?"

त्यानं कागदावरून बोट फिरवलं. चेहरा असा उजळला! "मीही कापडातलाच माणूस, मादाम. अर्ध्यावरून अख्खं कळतं मला."

"तरुण मुलगी आहे, लाजते," मी म्हटलं. "लग्न झालं की बसेल सैल."

तो माझे हात दाबून गेला. त्या दिवशी मी स्वतःलाच एक पेला वाइन पाजली.

लग्न थाटात झालं. बावन्नची कंबर सगळ्या गावानं पाहिली. दोन महिन्यांनी एल्वीर एकटीच आली. अंगानं आणखी वाळली होती. तिनं दार लावून घेतलं.

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत, मादाम?"

"जे तुला हवं होतं तेच. झाकलं मी."

"मी त्यांना तुमच्याकडे पाठवलं ते तुम्ही सांगावं म्हणून. माझ्यानं होत नव्हतं. तुम्ही दोन्ही कागद दाखवाल असं वाटलं होतं."

माझी नजर खणाच्या कुलपाकडे गेली.

"ते इथून थेट माझ्याकडे आले," ती म्हणाली. "माझे हात हातात घेऊन म्हणाले, मी उगाच शंका घेतली, मला क्षमा कर. त्यांनी माझी क्षमा मागितली, मादाम. मग मी काय बोलणार?"

"मी आत्ता जाते. आत्ताच्या आत्ता सांगते त्यांना."

"आता? आता ते विचारतील, दोघींनी मिळून मला का फसवलं? आणि त्यांचं काय चुकेल?"

मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

"मी कामाचं बोलायला आले आहे," तिनं हातमोजे काढले. "मला एक कॉर्सेट रात्री घालायला हवंय. घालून निजता येईल असं. इतके दिवस मी थंडी वाजते म्हणून शाल गुंडाळून झोपत होते, पण आता उन्हाळा आला."

मी खण उघडून डावा कागद काढला. फीत लावली. तो कागदही आता तिला बसेना, नवा कापावा लागणार होता. मी माप लिहीत असताना ती भिंतीवरच्या आपल्या उजव्या बाजूकडे पाहत होती.

"पट्ट्या घालू नका," ती म्हणाली. "मऊ करा. टोचायला नको."

"नाही टोचणार तुला, पोरी."

"मला नाही," ती म्हणाली. "त्यांच्या हाताला."