काचेवरचा डाग

मी एक डिजिटल बॅक बोलतेय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. माझ्या मालकाच्या सख्ख्या मावशीलाही ते अजून म्हणता येत नाही. ती मला सरळ ‘डबडं’ म्हणते. मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठीमागं, जिथं पूर्वी फिल्मचा डबा बसायचा, तिथं मी बसते. भिंग पुढं मिरवतं, मी मागं अंधारात असते. पण भिंगातून आलेलं सगळं शेवटी माझ्याच काचेवर उतरतं, आणि एकदा उतरलेलं मी जसंच्या तसं ठेवते. आज बोलतेय ती हौसेनं नाही. मला भीती वाटतेय, आणि सांगायला वेळ थोडा आहे.

माझा जन्म दूर थंड मुलखातला. पांढरे डगले घातलेल्या माणसांनी धुळीचा कणसुद्धा लागू न देता मला जुळवलं. तिथून मी थेट हैदराबादेत, जाहिरातींच्या एका स्टुडिओत आले. तिथं काय पाहिलं? दागिने, घड्याळं आणि वाफाळणारी बिर्याणी. ती वाफही खोटी, उदबत्तीच्या धुराची! माणसांना कुठलीही गोष्ट दाखवायच्या आधी नटवावी लागते, हे मला तिथंच कळलं. पुढं नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटात झाली.

कपाटातून मला बाहेर काढलं आनंदराजनं. नांदेडला वजिराबादेत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो यांवर त्याचं घर चालतं, पण जीव सगळा डोंगरात आणि पाण्यात. पोटापाण्याची कामं दुसऱ्या कॅमेऱ्यानं करायचा आणि मला घेऊन फक्त रानोमाळ भटकायचा. मुदखेडकडचे झेंडूचे मळे पाहिले, उदगीरचा किल्ला पाहिला, उन्हाळ्यात भेगाळलेली काळी रानं पाहिली. मीही काही गुणाची नव्हते. उन्हात तापायचे, उजेड कमी पडला की फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके पाडायचे, बॅटरी तर बघता बघता गिळायचे. तरी तो माझ्यावर कधी चिडला नाही. मऊ फडक्यात गुंडाळून मला मांडीवर घेऊन बसायचा. त्याची बायको ज्योत्स्ना शाळेत शिक्षिका. ती त्याला टोमणा मारायची, “पोटच्या पोरीला तरी एवढं जपलं का हो कधी?”

आमच्या कामात एक रीत आहे. देखाव्याचा फोटो काढला की लगेच भिंगासमोर दुधी रंगाची पट्टी धरायची आणि आणखी एक फोटो काढायचा. त्या कोऱ्या फोटोत माझ्या काचेवरची धूळ तेवढी दिसते. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कळतं, कुठला डाग काचेवरचा आहे आणि कुठला खरोखर समोर आहे. आनंदराज सुरुवातीला ही रीत नेमानं पाळायचा. पुढं हात बसला आणि कंटाळा शिरला. ती पट्टी बॅगेच्या तळाशी गेली. संगणकावर डाग दिसला की माउस फिरवून पुसायचा आणि मोकळा व्हायचा. “जुनी मशीन हाय, धूळ बसणारच,” असं वर म्हणायचा. मला राग यायचा. पण यंत्राचा राग कोण विचारतो?

अहमदपूरच्या पुढं, डोंगराच्या कुशीत चिंचमाळ नावाचं गाव आहे. तिथं त्याची मावशी पार्वतीबाई राहते. आनंदराज लहान असतानाच त्याची आई गेली. त्याला वाढवलं ते या मावशीनं. तिचं घर तलावाच्या मातीच्या भिंतीखाली, अगदी शेवटच्या आळीत. दरवर्षी पाऊस सरत आला की तो तिला भेटायला जायचा, समोरच्या टेकाडावर मला उभं करायचा आणि एकच फोटो काढायचा. वर भरलेला तलाव, मध्ये भिंत, खाली घरं.

अशाच एका वर्षी भिंतीच्या पायथ्याशी मला एक काळपट ठिपका दिसला. फोटोत तो जवारीच्या दाण्याएवढा होता. मी तो ठेवला, आनंदराजनं तो पुसला. पुढच्या वर्षी ठिपका जरा पसरला होता. त्यानं पुन्हा पुसला. त्याच्या पुढच्या वर्षी मी अक्षरशः तळमळत होते, आणि तो गाणं गुणगुणत माउस फिरवत होता.

गावाला तर भिंतीपाशी आलेल्या ओलीचं कौतुकच. भिंतीखालच्या पडीक जागेत भर उन्हाळ्यात गवत उगवायला लागलं होतं. पार्वतीबाईची म्हैस तिथं पोटभर चरायची. “बरकत हाय बघ आनंदा,” ती म्हणायची, “मे महिन्यात हिरवा चारा! आधी कधी बघितला न्हाई असला.” आनंदराजलाही त्या हिरव्या पट्ट्याचा भारी सोस. गेल्या वर्षीचा फोटो तर त्यानं मोठा करून, चौकट घालून ग्रामपंचायतीला भेट दिला. गावानं त्याला शाल पांघरली. त्या फोटोत भिंत कशी गुळगुळीत होती, कुठं बोट ठेवायला जागा नव्हती.

त्यानंतर मात्र त्याला माझा कंटाळा आला. “आता हिचं वय झालं,” तो ज्योत्स्नाला म्हणाला. “डाग पुसून पुसून हात दुखून राहिला माझा. नवी घेतो आन् हिला बदल्यात देऊन टाकतो.” मला फार वाईट वाटलं. माझी सवत घरात आली. तिची काच माझ्याहून मोठी, ती तापत नाही, अंधूक उजेडातही तिला सगळं लख्ख दिसतं. माझा जुना खोका माळ्यावरून खाली आला तेव्हा मी समजून गेले.

पण जुनी देण्याआधी नवीशी ताडून बघितल्याशिवाय फोटोग्राफरला चैन पडत नाही. काल तो ज्योत्स्नाला घेऊन चिंचमाळला आला. टेकाडावर ट्रायपॉड उभा केला, आधी माझ्याकडून फोटो घेतला, मग तिच्याकडून. दुपारी मावशीच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून बसला.

“ह्याच्या मायला! नवीतबी तोच डाग?” तो ओरडला. “धुळकट माल गळ्यात मारला त्यानं माझ्या!”

त्यानं तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलला. पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “पांढरी पट्टी धरून फोटो काढलात का, सर?”

आनंदराजनं फोन ठेवला. बॅगेच्या तळातून पट्टी शोधून त्यानं आम्हा दोघींकडून कोरे फोटो घेतले. माझ्या काचेवर धूळ होती, पण ती वर आकाशाच्या बाजूला. सवतीची काच तर आरशासारखी स्वच्छ. भिंतीच्या जागी दोघींच्याही फोटोत काहीच नव्हतं.

ज्योत्स्ना मागं उभी राहून बघत होती. ती हळूच म्हणाली, “अहो, डाग काचेवर न्हाई. भिंतीवर हाय.”

आनंदराजनं माझे जुने मूळ फोटो उघडले. पुसलेले फोटो तो वेगळे ठेवतो. मूळ मात्र मी दिले तसेच असतात. वर्षामागून वर्ष त्यानं ओळीनं लावलं. दाण्याएवढा ठिपका, मग सुपारीएवढा, मग तळहाताएवढा, आणि या वर्षी भिंतीच्या निम्म्या उंचीपर्यंत चढलेला काळा ओला पट्टा.

तो तडक ग्रामपंचायतीत गेला. मी त्याच्या गळ्यात कॅमेऱ्याला लटकलेली होते. सरपंच मल्लेश माणूस वाईट नाही. त्यानं लॅपटॉपवरचे फोटो नीट पाहिले आणि मग हसून भिंतीवरच्या चौकटीकडं हात केला.

“सर, खामखा घाबरवून राहिले तुम्ही. ह्यो फोटो तुम्हीच दिला न्हवं का? भिंत कशी चकाचक हाय!”

“त्यातला डाग मी पुसला होता, मल्लेशराव.”

“का म्हणून?”

“मला धूळ वाटली.”

“मग आज ही धूळ न्हाई कशावरून?” मल्लेश म्हणाला, आणि तिथं बसलेले चारचौघे हसले. आपल्याच हातानं पुसलेली भिंत आनंदराजच्या डोळ्यांपुढं चौकटीत चमकत होती. मला त्याची कीव आली, आणि रागही आला.

शेवटी त्यानं फोनवर एका अभियंत्याला गाठलं. फोटो पाहून तो माणूस गंभीर झाला. “मी उद्या येतो,” तो म्हणाला. “झिरपणारं पाणी नितळ आहे तोवर नजर ठेवून राहा. गढूळ दिसलं तर आतली माती वाहायला लागली असं समजा. मग माझी वाट बघू नका, आळी रिकामी करा.”

आनंदराजनं मावशीच्या हातापाया पडून पाहिलं. ती जागची हलायला तयार नाही. “पाणी हायच की नितळ. म्हशीला कुठं नेऊ मी? ह्याच घरात तुला लहानाचा मोठा केला, आन् आज मला भायेर काढतो का?” मग तोही हट्टानं तिथंच राहिला. नवीला आणि लॅपटॉपला त्यानं टेकाडावर लावलेल्या गाडीत ठेवलं आणि मला मावशीच्या अंगणात, भिंतीकडं तोंड करून उभं केलं. “जुन्या फोटोंशी जुळवायला हीच पाहिजे,” तो ज्योत्स्नाला म्हणाला. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. मग समोर ती भिंत दिसली आणि फुगलेली छाती जागच्या जागी बसली. डोंगरावर पाऊस धरला होता.

आज सकाळी तलाव सांडव्यापर्यंत भरलेला होता. आनंदराजनं फोटो काढला आणि माझ्या छोट्या पडद्यावर मोठा करून पाहिला. भिंतीच्या पायथ्यातून निघणारी धार काल काचेसारखी होती. आज ती चहाच्या रंगाची होती. त्यानं मान वर करून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, पुन्हा पडद्यावर पाहिलं. या वेळी त्यानं काहीही दुरुस्त केलं नाही.

“मावशी! ऊठ! म्हैस सोड!”

पार्वतीबाई दारात आली. ते पाणी पाहिल्यावर तिनं हुज्जत घातली नाही. ज्योत्स्ना आळीतलं प्रत्येक दार बडवत धावत होती, “भायेर निघा! काही घेऊ नका! टेकाडावर चला!” गलका ऐकून मल्लेश पळत आला. त्यानं धारेकडं एकदाच पाहिलं. मग त्यानं एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला पाठुंगळी घेतलं आणि चढ चढायला लागला. माझ्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती, आणि नसलेलीच बरी.

आता आळीत कुणी नाही. एका चुलीवर भाकरी करपत असणार, मला वास कळत नाही. धूर तेवढा दिसतो. गढूळ पाणी ट्रायपॉडच्या पायांना लागलं आहे. भिंतीची एक बाजू खाली बसलेली मला स्पष्ट दिसतेय.

टेकाडावर माणसं दाटीवाटीनं उभी आहेत. कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडं, पण माझा पडदा टेकाडाच्या बाजूला; पडद्याच्या काळ्या काचेत ती सगळी मला दिसतात. मावशी आहे, तिची म्हैस आहे, ज्योत्स्ना आहे. आणि आनंदराज वळून अंगणाकडं बघतोय. फडक्यात गुंडाळून मांडीवर घेताना तो असाच बघायचा. त्यानं चार पावलं खाली टाकली आहेत. ज्योत्स्नानं त्याची बाही धरली आहे. तो हिसडा देऊन ती सोडवतोय.

आनंदराज, ऐक. माझे जुने सगळे फोटो तुझ्यापाशी आहेत, मूळचे, न पुसलेले. मल्लेशला दाखव, अभियंत्याला दाखव, अशाच भिंतीखाली राहणाऱ्या दुसऱ्या गावांना दाखव. इथं ट्रायपॉडवर आता नुसती काच आणि थोडी तार उरली आहे. मला तू वाचवलंस ते हैदराबादच्या कपाटातून, तेवढं पुष्कळ झालं. माझ्यासाठी खाली येऊ नकोस रे. मागं फिर. मावशी हाका मारतेय तुला.