सोळा दिवसांचं गुपित

मनालीने चिमूटभर ओवा तोंडात टाकला, वर कोमट पाणी प्यायली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. ओटीपोटात डावीकडे सुतळी पिळावी तशी कळ आली आणि गेली.

बाहेरच्या खोलीतून प्रेमाताईंनी, तिच्या सासूबाईंनी, विचारलं, "पोटात दुखता काय गो?"

"गॅस झालाय, आई."

बाईच्या ओटीपोटात दुखायला कारणं काय, मागाल तितकी. गॅस, पाळी, मुतखडा, अपेंडिक्स, लघवीचं इन्फेक्शन. घाटकोपरच्या तिच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बायका यातलंच एकेक उगाळत बसायच्या. मनालीने त्यातलं सगळ्यात गरीब कारण निवडलं. खरं कारण आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. पाळी चुकून पंधरा दिवस झाले होते. आठव्या दिवशी न्हाणीघरात किटवर दोन रेघा उमटल्या, तेव्हा ती नळ सोडून पोटभर रडली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

आणि सांगितलं कुणाला? कुणालाच नाही. तीन महिने सरेपर्यंत बोलायचं नाही, दृष्ट लागते, हे मालवणकडच्या घरात वेगळं शिकवावं लागत नाही. नवऱ्याला, सर्वेशला, सांगावं तर तो आनंदाच्या भरात अख्ख्या मुलुंडला सांगून मोकळा होणार. डॉक्टरकडे जावं तर फाईल होणार, ती घरात दिसणार. मग काय, देवापुढे हात जोडायचे आणि ओवा खायचा. बाळ जागा करत असेल, म्हणून दुखत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. चांगली शिकलेली बाई. पण आशेपुढे शहाणपण कुठलं टिकायला?

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसच्या जिन्यात बसली ती उठेचना. मैत्रिणीने, अक्षताने, तिला रिक्षात घालून नर्सिंग होममध्ये नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. गर्भ आहे, म्हणाल्या, पण पिशवीत नाही, डाव्या नळीत अडकलाय. नळी फुटली तर तुझ्या जिवावर बेतेल. ऑपरेशन आजच.

"ठोके आहेत का?"

"आहेत."

"मग थोडं सरकवून पिशवीत नाही का आणता येणार? दोन बोटांचं तर अंतर."

"नाही गं. ते अजून कुणालाच जमत नाही."

सर्वेश धावत आला. तू बाप होणार होतास आणि आता नाही, हे त्याला एकाच वाक्यात कळलं. सही करताना त्याने स्वतःचं नाव अर्धंच लिहिलं. नर्सने पुन्हा करायला लावली. मनालीला त्याच्याकडे बघवेना. आधी सांगितलं असतं तर? तरी बाळ वाचलं नसतं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. पण त्यामुळे तिचं दुःख तसूभरही कमी झालं नाही.

मग प्रेमाताई आल्या. आता या बोलणार, लपवलंस म्हणणार, असं तिला वाटलं. त्या खाटेच्या कडेला टेकल्या आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिल्या. स्ट्रेचर यायला पाचेक मिनिटं होती. पाण्याचा घोटही द्यायचा नाही, असं नर्स बजावून गेली.

"इतके दिवस काय खावचा वाटत होता गो तुका?"

मनालीला आधी प्रश्न कळलाच नाही. मग कळला. धाकट्या जावेला, नणंदेला, बिल्डिंगमधल्या कितीतरी पोरींना प्रेमाताईंनी हेच विचारलं होतं. अकरा वर्षं ती स्वयंपाकघरातून ते ऐकत आली होती आणि दर वेळी नळ मोठा करत आली होती.

"जवळा," ती म्हणाली. "सुका. कांद्यावर परतलेला. रोज वाटायचं."

प्रेमाताईंनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सर्वेशच्या वेळेक माका पण जवळोच व्हयो होतो," त्या म्हणाल्या.