दोन डिपर

सोनाळ्याहून वरवट बकालला निघालेल्या इंद्रभानदादांच्या जीपमध्ये मी पुढे बसले होते, मांडीवर माझी काजल. मागे माणसं कोंबलेली, पायरीवरही लटकलेली. रस्त्यावर पोलिसांची कॅमेऱ्याची गाडी उभी राहायला लागल्यापासून जीपवाल्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. फोटो निघतो, दंड थेट मोबाइलवर येतो. मोर्चा काढून झाला, जीपा बंद ठेवून झाल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग इंद्रभानदादांनीच सगळ्यांना शपथ घातली. कॅमेरा दिसला की समोरून येणाऱ्याला लाइटचा डिपर दोनदा मारायचा, आणि त्याने मुकाट्याने कच्च्या रस्त्याला वळायचं. हात दाखवायचा नाही, पोलिसांना संशय येतो.

"पोलिसाले हात जोडता येते, ताई," ते मला म्हणाले. "त्या डब्याले काय सांगू, घरी लेकरं हायेत म्हणून?"

मला त्यांचं पटत होतं, खोटं कशाला बोलू. एवढी माणसं कोंबली नसती तर मलाही जागा मिळाली नसती.

सकाळपासून पाऊस लागून होता. कच्च्या रस्त्याचा फाटा जवळ आला आणि लांबून येणाऱ्या जीपने डिपर मारला. दोनदा. मग पुन्हा, पुन्हा.

"माह्या पोराची गाडी," दादा खूश झाले. "प्रसेनजितचं ध्यान राह्यते बापाकडं." आणि ती जीप जवळ यायच्या आत त्यांनी फाट्याला वळवलं.

चिखलात गाडी डुलत चालली. थोड्याच वेळात मागून हॉर्न सुरू झाला, तो थांबेचना. आरशात लटकलेल्या माणसांशिवाय काही दिसत नव्हतं.

"पोलीस मागं लागले," दादा पुटपुटले आणि त्यांनी वेग वाढवला.

वळणापलीकडे नाल्यावर रपटा होता, बिनकठड्याचा बुटका पूल. आज तो दिसतच नव्हता. त्याच्यावरून गढूळ पाणी धावत होतं.

"दादा, थांबा! माह्यापाशी लेकरू हाये!"

"गुडघ्याएवढंच हाये. निघून जाते गाडी."

"मले उतरू द्या आधी!"

हॉर्न अगदी जवळ आला. दादांनी गाडी पाण्यात घातली.

अर्ध्यावर इंजिन बंद पडलं. पाणी पायांवर आलं, मग सीटवर. गाडी कडेला सरकायला लागली. मागची माणसं उड्या टाकून एकमेकांचे हात धरत काठाकडे निघाली. काजलने माझे केस मुठीत धरले होते. कुणीतरी खिडकीतून तिला ओढलं, तरी मी तिचा फ्रॉक सोडेना.

"सोडा, ताई! मी धरली तिले!"

मी सोडला. मागोमाग मलाही ओढून काढलं, दादाही कसेबसे निघाले. आम्ही काठाला लागलो आणि जीप आडवी होऊन नाल्यात गेली.

काजलला खांद्यावर घेऊन उभा होता तो प्रसेनजित. हॉर्न त्याचाच होता.

"कॅमेरा कुठी होता?" दादांनी विचारलं.

"कॅमेरा नव्हताच आज, बाबा! रपट्यावर पाणी हाये, पुढं कोणी डिपर मारला तरी वळू नका, हेच सांगून राह्यलो होतो."

"मंग हात काऊन नाही दाखवला?"

प्रसेनजित बापाकडे बघत राहिला. "शपथ तुम्हीच घातली होती."

काजलच्या डोक्यावरून फिरवायला दादांनी हात पुढे केला. मी तिला प्रसेनजितकडून हिसकून घेतलं. दादांच्या थोबाडीत द्यावी असं फार वाटत होतं, पण माझे दोन्ही हात तिच्याभोवती होते आणि मला ते सोडवेनात.